मातीचं ढेकूळ गेलं कुठे? जुने युद्धपट डिस्कवर आणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जुन्या चित्रपटांची डागडुजी करणारे तंत्रज्ञ, त्यांच्या डिस्क काढणारे प्रकाशक आणि ‘चित्र कसं लखलखीत दिसलं पाहिजे’ असा लकडा लावणारी विक्री विभागातली मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात एका जुन्या युद्धपटाची नवी डिस्क घेतली. चित्रपट कृष्णधवल, वेष्टनावर ‘मूळ निगेटिव्हवरून फोर-के’ असं ठसठशीत छापलेलं, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मवरून सुमारे चार हजार ठिपके रुंदीची डिजिटल नक्कल. चित्रपटाचं नाव सांगत नाही आणि डिस्क कोणी काढली तेही सांगत नाही. ज्यांनी काढली त्यांना हे पत्र संपेपर्यंत कळेलच. याच चित्रपटाची जुनी डीव्हीडी माझ्याकडे आहे. अंधुक, ओरखड्यांनी भरलेली, रीळ बदलायच्या वेळी उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका उमटणारी. ती इतक्यांदा पाहिली आहे की पुढचा शॉट कुठला हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

नवी डिस्क लावली आणि पहिली दहा मिनिटं मी हरखून गेलो, खोटं कशाला बोलू? अधिकाऱ्याच्या कोटाच्या बटणांवरची नक्षी दिसली. खंदकाच्या फळ्यांमधले खिळे दिसले. मागे उभ्या असलेल्या एका पोराच्या ओठावर जखमेचा जुना व्रण आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. मग तोफांचा मारा सुरू झाला आणि काहीतरी खटकलं. स्फोट जागच्या जागी होते, पण त्यांत माती कमी होती. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग दोन्ही डिस्क घेऊन बसलो आणि एकेक फ्रेम पुढे सरकवली. जुन्या डीव्हीडीत तिसऱ्या स्फोटानंतर मुठीएवढं मातीचं ढेकूळ उडतं आणि वाकलेल्या सैनिकाच्या हेल्मेटवरून पलीकडे जातं. सहा-सात फ्रेम ते नीट दिसतं. नव्या डिस्कमध्ये ते दोन फ्रेम दिसतं, मग नाहीसं होतं, मग एका फ्रेमपुरतं अर्धंच उगवतं आणि पुन्हा गायब.

तुमच्यासाठी यात नवीन काही नाही. पण पत्र खुलं आहे, बाकीचेही वाचणार, म्हणून सांगतो. फिल्मवर बसलेला धुळीचा कण सहसा एकाच फ्रेमवर असतो. आधीच्या फ्रेमवर नाही, नंतरच्या फ्रेमवर नाही. सॉफ्टवेअर नेमकं हेच हेरतं. असा आगंतुक ठिपका दिसला की शेजारच्या फ्रेममधला तेवढा तुकडा उचलायचा आणि त्यावर चिकटवायचा. बहुतेक चित्रपटांत हे छान जमतं. दिवाणखान्यात दोन माणसं बोलत बसली असतील, तर मध्येच उमटून नाहीसा होणारा काळा ठिपका ही घाणच असणार. पण स्फोटातून उडालेला खडासुद्धा सेकंदाला चोवीस फ्रेमच्या चित्रणात दर फ्रेमला वेगळ्या जागी असतो. ठिणगी एका फ्रेमपुरती असते. मशीनगनच्या तोंडाशी होणारा जाळ कित्येकदा एकाच फ्रेममध्ये सापडतो. पावसाची सर, वाऱ्यावर उडालेला बर्फ, फुटलेल्या विटेची कपची, हे सगळं यंत्राच्या हिशेबी आगंतुकच. कॅमेरा स्थिर असेल तर मागची भिंत शाबूत ठेवून पाऊस तेवढा पुसून टाकणं त्याला फार सोपं जातं.

युद्धपटाची पंचाईत ही आहे. यंत्र ज्याला कचरा समजतं, त्यातच दिग्दर्शकानं दिवसच्या दिवस घातलेले असतात. सुरुंग किती खोल पुरायचा, माती किती भुसभुशीत घ्यायची, वारा कुठून असला की ती कॅमेऱ्याकडे येईल, यावर कोणीतरी डोकं खपवलेलं असतं. म्हणून माझं पहिलं मागणं अगदी साधं आहे. दिवाणखान्याच्या प्रसंगांना स्वयंचलित सफाई खुशाल चालवा. लढाईची रिळं मात्र माणसाच्या डोळ्यांखाली, फ्रेम बाय फ्रेम, हातानं करा. वेळ लागेल, पैसे लागतील, कल्पना आहे. ते परवडत नसेल तर ओरखडे राहू द्या. ओरखड्यामागचं चित्र मला दिसतं. पुसून टाकलेली माती मी कुठून आणू?

आता ग्रेन, म्हणजे फिल्मवरच्या चित्रात दिसणारी बारीक कणांची खरखर. या शब्दावरून तुमच्याकडे आणि आमच्यात दोन्हीकडे भांडणं होतात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या कणांखेरीज दुसरं काही नसतं. चेहरा, काटेरी तार, आभाळ, सगळं त्याच कणांचं बनलेलं. स्वच्छ चित्र खाली आहे आणि त्यावर ग्रेनचा थर बसला आहे, तो खरवडला की आतलं चित्र मिळेल, अशी एक समजूत पसरली आहे. खरवडल्यावर खाली काहीच नसतं. म्हणून मग यंत्र शेजारच्या फ्रेमची सरासरी काढून पोत बनवतं, आणि तीन दिवस दाढी न केलेला, घामानं चिखल ओघळलेला सैनिक मेणाच्या पुतळ्यासारखा दिसू लागतो. धुराचं तर विचारू नका. तो हलायचा थांबतो आणि नंतर एकदम पुढे सरकतो.

जिलो पाँतेकॉर्वोचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६) घ्या. पाँतेकॉर्वो आणि त्याचा छायालेखक मार्चेल्लो गात्ती यांना तो वृत्तपटासारखा दिसायला हवा होता. त्यासाठी प्रयोगशाळेत निगेटिव्हवरून पुन्हा निगेटिव्ह काढून त्यांनी ग्रेन मुद्दाम ठळक केला. परिणाम असा झाला की अमेरिकेत दाखवताना, यात वृत्तपटाचा एक फूटही तुकडा वापरलेला नाही, असा खुलासा चित्रपटाला जोडावा लागला. २०१६ साली इटलीतल्या बोलोन्यात त्याची फोर-के दुरुस्ती झाली, आणि तो खरखरीतपणा तिथे जागेवर आहे. कास्बा या अल्जिअर्सच्या जुन्या वस्तीतल्या पायऱ्यांवरून धावणारी गर्दी अजूनही कोणा बातमीदारानं जीव मुठीत धरून टिपल्यासारखी वाटते. आता हीच निगेटिव्ह ‘गुळगुळीत करा’ म्हणणाऱ्याच्या हाती पडली असती तर? दिग्दर्शकानं परिश्रमानं केलेलं काम त्यानं दोषांच्या यादीत टाकलं असतं.

उलटं उदाहरणही सर्वांना माहीत आहे. ‘पॅटन’ (१९७०) हा नेहमीच्या फिल्मपेक्षा रुंद अशा ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झालेला, म्हणजे तपशिलांची खाणच. २००८ साली त्याची ब्ल्यू-रे आली तेव्हा चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या आणि कापडाचे धागे इतके घासून काढले होते की जाणकारांनी डोक्याला हात लावला. २०१२ साली नवी, सुधारलेली आवृत्ती आली. चूक मान्य करून परत काम करता येतं, एवढंच मला यातून सांगायचं आहे. माझ्याकडच्या त्या ढेकळावाल्या डिस्कचं तसं व्हावं अशी आशा धरायला हरकत नसावी.

ग्रेनबद्दल अजून एक, हे जरा विषयांतर. जुन्या चित्रपटांत एक दृश्य विरघळत दुसऱ्यात मिसळतं, त्याच्या क्षणभर आधी ग्रेन एकदम जाडसर होतो आणि मिसळणं संपलं की पुन्हा बारीक होतो. काही जण याची तक्रार करतात. पण तो भाग त्या काळी ऑप्टिकल प्रिंटरवर दुसऱ्या फिल्मवर छापून घेतलेला असायचा, म्हणजे नकलेची नक्कल. त्यामुळे प्रेक्षकाला नकळत आधीच चाहूल लागते की आता जागा बदलणार. मला ती चाहूल आवडते. ती कुणी सपाट केली तर मी रागावणार नाही, पण मला जरा चुटपुट मात्र नक्की लागेल.

याचा अर्थ निगेटिव्हला हात लावू नका असा नाही. मी काही जुन्या घाणीचा भक्त नाही. ओल्या गेटमधून फिल्म स्कॅन करता, म्हणजे फिल्मइतकाच प्रकाश वाकवणारा द्रव ओरखड्यात भरता आणि ओरखडा प्रकाशाला दिसेनासा होतो, ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा टाळी वाजवली होती. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) च्या २०१२ च्या कामात ६५ मिमी निगेटिव्ह एट-के दर्जानं स्कॅन झाली आणि पुढचं काम फोर-के मध्ये झालं. वाळवंटातल्या उष्णतेनं इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्र धरणाऱ्या थराला, बारीक बारीक भेगा पडलेल्या होत्या, त्या बुजवायला वेगळी पद्धत शोधावी लागली. त्या भेगा कोणाच्याही कल्पनेतल्या नव्हत्या, गेल्या तर बरंच झालं.

त्याच चित्रपटाच्या १९८९ च्या दुरुस्तीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दुरुस्ती करणाऱ्या रॉबर्ट हॅरिसनं कापलेले तुकडे शोधून काढले, पण काहींचं नुसतं चित्र मिळालं, आवाज नव्हता. मग पीटर ओटूल, अ‍ॅलेक गिनेस या नटांना सत्तावीस वर्षांनी पुन्हा माइकसमोर उभं केलं. जॅक हॉकिन्स तोवर वारला होता, त्याच्या जागी चार्ल्स ग्रेनं आवाज दिला. काटेकोर बोलायचं तर ही भर आहे, मूळ ऐवज नव्हे. तरी मला ती मान्य आहे. एक तर दिग्दर्शक डेव्हिड लीन हयात होता आणि सोबत बसला होता. दुसरं म्हणजे काय केलं ते त्यांनी सांगितलं, लपवलं नाही.

लीनच्याच ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) मध्ये श्रेयनामावली बदलली गेली. कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन हे खरे पटकथाकार हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे साम्यवादी असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांत, होते, म्हणून त्यांची नावं पडद्यावर आलीच नव्हती. दुरुस्त प्रतीत ती आहेत. मी इथे बदल करणाऱ्यांच्या बाजूनं आहे. तरीही १९५७ सालचा प्रेक्षक काय वाचत होता हे कुठेतरी नोंदलेलं असावं असं मला वाटतं, कारण ती दोन नावं नसणं हासुद्धा इतिहासच आहे.

आवाजाकडे वळतो, कारण खरी जखम तिथे आहे.

नव्या डिस्कवर ‘५.१ सराउंड’, म्हणजे प्रेक्षकाभोवती मांडलेल्या पाच स्पीकरांतून (आणि एका खर्जाच्या स्पीकरमधून) येणारा आवाज, असं लिहिलेलं असलं की माझ्या पोटात गोळा येतो. जुना युद्धपट मोनो असतो. एकाच दिशेनं येणारा आवाज, आणि त्यात कुठला आवाज वर आणि कुठला खाली हे मिक्सिंग करणाऱ्यानं कानानं ठरवलेलं असतं. त्याचे पाच तुकडे करायचे म्हणजे जे कधी वेगळं ध्वनिमुद्रित झालंच नाही ते वेगळं करायचं. ते धड जमत नाही. मग बंदुकांचे, विमानांचे नवे आवाज आणून बसवतात. माझ्या त्या डिस्कमध्ये तेच झालं आहे. जुन्या प्रतीत रायफल कोरडी, काटकी मोडल्यासारखी वाजते. नव्या प्रतीत सोफा हादरतो. गोळी झाडणारा पोरगा मात्र तोच, चेहरा तसाच भेदरलेला, आणि आता तो आवाज त्याच्या हातातल्या बंदुकीतून येतोय असं वाटतच नाही.

एलेम क्लिमोवचा ‘कम अँड सी’ (१९८५) पाहिलेल्यांना जंगलातला तो बॉम्बहल्ला आठवत असेल. बॉम्ब पडतात, झाडं उन्मळतात आणि फ्ल्योरा या कोवळ्या नायकाचे कान बधिर होतात. तिथून पुढे कितीतरी वेळ आपल्यालाही त्याच्याच कानांनी ऐकावं लागतं. एक शिट्टीसारखा सूर, त्यामागे पाण्याखालून आल्यासारखी माणसांची बोलणी. सगळं एकाच जागी, डोक्याच्या आत कोंडलेलं. हा कोंडमारा मोनोमुळे आहे. त्या शिट्टीला मागच्या स्पीकरवर पाठवलंत तर ती खोलीत पसरेल आणि फ्ल्योराच्या डोक्यातून निघून जाईल. मोसफिल्म या रशियन स्टुडिओनं केलेल्या दुरुस्तीला २०१७ साली व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट दुरुस्त चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. अशा कामाशेजारी मूळ मोनो ट्रॅक पाहिजेच, आणि तो दाबून लहान केलेला नको.

सरसकट मोनोच ठेवा असंही म्हणत नाही. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) मध्ये प्रेक्षकाभोवती फिरणारं हेलिकॉप्टर ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्चनं मुळातच तसं घडवलं होतं. तिथे पाचही दिशा चित्रपटाच्याच आहेत. नियम एकच, त्या चित्रपटाचं जे होतं ते द्या. वर आपलं काही द्यायचं असेल तर दुसऱ्या ट्रॅकवर द्या, निवड माझी मला करू द्या. ‘मेनूमध्ये मोनो दिलंय की’ असं सांगून त्या जागी ५.१ चं दोन वाहिन्यांत चेपलेलं रूप ठेवायचं, हा प्रकारही मी ऐकलेला आहे. तो बंद करा.

आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. युद्धपट जेवढे कापले गेले तेवढे इतर कुठले क्वचितच. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) देशोदेशी छाटला गेला, आणि १९३९ साली पुन्हा आणताना त्यावर नाझीविरोधी निवेदन चढवलं गेलं. ‘दास बूट’चं १९८१ चं रूप अडीच तासांचं, दूरचित्रवाणीवरचं जवळपास पाच तासांचं, १९९७ चं साडेतीन तासांचं. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ची १९७९, २००१ आणि २०१९ अशी तीन रूपं आहेत आणि तिन्ही एकाच संचात मिळाली, हे उत्तम झालं. दिग्दर्शकाचं मत बदललं म्हणून लोकांनी चित्रपटगृहात पाहिलेलं रूप बाजारातून उठवायचं, हे मला पटत नाही. मग तो दिग्दर्शक कितीही मोठा असो.

आणि सबटायटल्स. याकडे तुम्ही शेवटच्या आठवड्यात बघता असा माझा दाट संशय आहे. झाँ रेन्वारचा ‘ला ग्रांद इल्यूजन’ (१९३७) हा पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांचा चित्रपट, आणि त्यात फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा भाषांची सतत अदलाबदल चालते. जर्मन कमांडंट राउफेनश्टाइन आणि फ्रेंच कॅप्टन बॉल्द्यू हे दोघे खानदानी. मनातलं बोलायची वेळ आली की ते इंग्रजीत शिरतात. देश शत्रू आहेत, पण वर्ग एक आहे, हे त्या भाषाबदलातून कळतं. दुसरीकडे मारेशाल हा फ्रेंच कैदी छावणीतून हलवला जात असताना नव्यानं येणाऱ्या इंग्रज कैद्याला सांगू पाहतो की आम्ही भुयार खणून ठेवलं आहे, ते वापरा. तो फ्रेंचमध्ये सांगतो, इंग्रजाला ओ की ठो कळत नाही. सबटायटल्स सगळं एकाच भाषेत, एकाच सफेद अक्षरात दाखवतात, तेव्हा आम्हाला वाटतं हा इंग्रज ठोंब्या आहे की काय! शेवटाकडे मारेशाल मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, ज्या जर्मन बाईकडे आसरा घेतला तिच्या छोट्या मुलीचे डोळे निळे आहेत असं सांगतो, आणि खाली येतं व्याकरणशुद्ध वाक्य. भाषा बदलली की अक्षरं तिरकी करा, कंसात एक अक्षर घाला, काहीही करा. त्याला एट-के स्कॅनर लागत नाही.

या चित्रपटाच्या निगेटिव्हची हकिगत तुम्हाला पाठ असेल. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सचा त्यावर डोळा होता. युद्धात ती जळून गेली असं सगळे धरून चालले होते. रेन्वारनं पुढे १९५८ च्या सुमारास हाती लागलेल्या प्रतींवरून चित्रपट पुन्हा उभा केला. निगेटिव्ह प्रत्यक्षात पॅरिसहून बर्लिनला, तिथून सोव्हिएत सैन्याबरोबर मॉस्कोला गेली होती. साठच्या दशकात तुलूझच्या चित्रसंग्रहालयाशी झालेल्या देवाणघेवाणीत ती फ्रान्सला परत आली, आणि ही तीच हे कोणाच्या लक्षात यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. तीस-एक वर्षं डबा घरातच होता. कोणीतरी डब्यातलं उघडून, मोजून, इतर प्रतींशी ताडून पाहिलं म्हणून ती सापडली. माझ्या लेखी तुमच्या कामाचा आत्मा तो आहे, सॉफ्टवेअर नंतर.

म्हणून शेवटचं मागणं. डिस्कच्या डब्यात एक कागद घाला. पोस्टर नको, नटांच्या सह्या असलेली कार्डं नकोत, शिक्के मारलेली लोखंडी पेटी तर नकोच. कागदावर एवढं लिहा: स्कॅन कशावरून केलं, मूळ निगेटिव्हवरून की नंतरच्या नकलेवरून. कुठल्या रिळात काय गहाळ होतं आणि ते कुठून आणलं. उजेड-अंधाराची पातळी कोणी ठरवली, आणि त्या व्यक्तीसमोर जुनी प्रिंट होती की नव्हती. आवाजात काय घातलं, काय काढलं. सफाई यंत्रानं किती, हातानं किती. ‘विंग्ज’ (१९२७) च्या २०१२ च्या दुरुस्तीत जळत्या विमानांच्या ज्वाळांना रंग दिला आहे. मूळ प्रदर्शनात तो रंग होता म्हणून दिला, हे सांगितलं गेलं आणि आमचा प्रश्नच मिटला. न सांगता दिला असता तर मीच पहिला ओरडलो असतो.

मला खात्री आहे की यातलं बरंचसं तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माझ्याआधीपासून माहीत आहे आणि तेही बैठकांमध्ये हेच भांडत असतात. त्यांना हे पत्र पुढे सरकवायला उपयोगी पडलं तर पडू दे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोन्ही डिस्क जपून ठेवलेला एक प्रेक्षक

ता. क. ती फ्रेम शोधायची असेल तर खूण सांगतो. तिसरा स्फोट झाल्यावर वाकलेला सैनिक डावीकडे मान वळवतो. त्याच्या पापण्या मिटतात, त्याच्या पुढची चौथी फ्रेम. जुन्या डीव्हीडीत तो डोळे मिटतो कारण ढेकूळ त्याच्या तोंडासमोरून जातं. तुमच्या डिस्कमध्ये तिथे स्वच्छ आभाळ आहे, आणि तो नुसताच डोळे मिटतो.